संकेतस्थळाचा कारभार कोण पाहतो?



आपल्या वर्गाचं संकेतस्थळ चालतं कसं, हे मुलांना समजेल असं कुणीतरी लिहा, असं संपादक ताईंनी मागच्या बैठकीत सुचवलं. आम्ही पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचंच काम करतो, तेव्हा हे काम आमच्याकडे आलं यात नवल नाही. पण लिहायला बसलो आणि आधी आमची एक चूक आठवली. तिथूनच सुरुवात करू या.

शुक्रवारी बंद फाटक

७ डिसेंबर २०२१ रोजी संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारने जाहीर केलं की, १ जानेवारी २०२२ पासून साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी राहील आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम चालेल. इथे सुट्टीचे वार बदलण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. २००६ सालापर्यंत सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असे. १ सप्टेंबर २००६ पासून ती शुक्रवार-शनिवारी झाली. जुन्या पालकांना हे चांगलं आठवत असेल. २०२२ मध्ये शारजाने मात्र वेगळी वाट धरली आणि शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी ठेवली.

आता विचार करा. शाळा, दवाखाने, बँका, वाचनालयं, कचेऱ्या या सगळ्यांच्या संकेतस्थळांवर कामाचे वार आणि वेळा लिहिलेल्या असतात. बऱ्याच ठिकाणी त्या अरबीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत असतात. हे सगळं बदलायला हातात होते फक्त पंचवीस दिवस.

आपला वर्गही तेव्हा शुक्रवारचा शनिवारी झाला. आम्ही सर्व पालकांना फोनवर निरोप धाडले. सगळ्यांना कळलं आणि काम झालं असं आम्ही समजलो. संकेतस्थळावर मात्र 'वर्ग दर शुक्रवारी सकाळी १० वाजता' हे वाक्य तसंच राहिलं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी शारजाहून एक नवं कुटुंब आलं. आई, बाबा आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या दप्तरात नवी कोरी वही होती. फाटक बंद होतं. वॉचमनने सांगितलं, "आज कुणी येत नाही." ते बिचारे परत गेले. घरी जाऊन त्यांनी संकेतस्थळावरच्या पत्त्यावर ईमेल पाठवला. तो पत्ता ज्या पालकांचा होता, ते दोन वर्षांपूर्वीच नाशिकला परत गेले होते! संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं, आम्हालाही त्याची प्रत आली. त्यांनी लिहिलं होतं, "पासवर्ड सापडला तर पाठवतो. पण ती पानं मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर हाताने केली होती आणि तो कॉम्प्युटर येताना देऊन टाकला."

आमच्या इंजिनीअरिंगच्या पदवीचा त्या दिवशी काडीचाही उपयोग झाला नाही. संकेतस्थळाची किल्ली कुणाकडे आहे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ती मुलगी आज आपल्याच वर्गात आहे, म्हणून हे सगळं सांगायला धीर होतो.

हाताने लिहिलेलं पान

आधी पाहू या की संकेतस्थळ म्हणजे असतं काय.

सर्व्हर हा एक कॉम्प्युटरच असतो, फक्त तो दिवसरात्र चालू ठेवलेला असतो. त्यावर तुमची पानं ठेवलेली असतात. तुम्ही घरी फोनवर किंवा कॉम्प्युटरवर पत्ता टाकलात की तुमचा ब्राउझर त्या सर्व्हरला म्हणतो, "अमुक पान द्या." सर्व्हर पान पाठवतो आणि ब्राउझर ते पडद्यावर मांडतो.

हे पान ज्या खुणांच्या भाषेत लिहिलेलं असतं, तिला एचटीएमएल म्हणतात. 'हे शीर्षक आहे', 'इथे परिच्छेद संपला', 'इथे चित्र येईल' अशा सूचना त्या खुणांनी मजकुरात घातलेल्या असतात. ही सगळी कल्पना टिम बर्नर्स-ली यांची. ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत काम करत होते. गंमत म्हणजे १९९० साली त्यांनी लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता येत असे आणि तिथल्या तिथे दुरुस्तही करता येत असे. पुढे जे ब्राउझर घरोघरी पोचले, ते मुख्यतः वाचण्याचेच होते. लिहिणाऱ्याला वेगळी खटपट करावी लागे. खुणांची भाषा शिकायची, फाइल तयार करायची आणि ती सर्व्हरवर चढवायची. हे ज्याला येई, तो संकेतस्थळाचा मालकच होऊन बसे.

आपल्या जुन्या संकेतस्थळाची पानं अशीच होती. वर वर्गाचं नाव, डावीकडे अनुक्रमणिका, खाली पत्ता, हे सगळं प्रत्येक पानात पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं. आम्ही मोजून पाहिलं तेव्हा 'शुक्रवार' हा शब्द सात ठिकाणी निघाला. मुखपृष्ठ, वेळापत्रक, प्रवेशाची माहिती, संपर्क, इंग्रजी पान, असा तो सगळीकडे पसरला होता. सातपैकी सहा जागी बदल केला आणि एक जागा राहिली, तर? नेमकी तीच जागा कुणीतरी वाचणार!

सारण आणि साचा

यावर तोडगा म्हणून जी सॉफ्टवेअर निघाली, त्यांना कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात सीएमएस म्हणतात. मराठीत 'मजकूर व्यवस्थापन प्रणाली' म्हणता येईल. नाव जड आहे, पण कल्पना अगदी घरातली आहे.

गणपतीत आजी साच्यातले मोदक करते ते पाहिलंय ना? सारण एका पातेल्यात असतं. साचा वेगळा असतो. सारण साच्यात भरलं की मोदक तयार. साचा बदलला की त्याच सारणाचे वेगळ्या आकाराचे मोदक होतात. सारणात गूळ कमी पडला तर पातेल्यात घालायचा, साच्याला हात लावायची गरज नाही.

सीएमएसमध्ये हेच होतं. मजकूर एका जागी राहतो. ती जागा म्हणजे डेटाबेस, रकाने आखलेली मोठी वहीच समजा. एका रकान्यात शीर्षक, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात लेखकाचं नाव, चौथ्यात तारीख. पान दिसायला कसं असावं, रंग कोणता, नाव कुठे, अनुक्रमणिका कुठे, हे सगळं साच्यात ठरलेलं असतं. त्याला इंग्रजीत टेम्प्लेट म्हणतात. कुणी पान मागितलं की सीएमएस वहीतून मजकूर काढतं, साच्यात भरतं आणि पाठवून देतं. खूप लोक एकच पान मागत असतील, तर तयार पानाची एक प्रत हाताशी ठेवतं, म्हणजे दर वेळी नव्याने खटाटोप नको.

याचा फायदा पाहा. वर्गाचा वार वहीत एकाच जागी लिहून ठेवला आणि सातही पानांना सांगितलं की 'वार तिथून घ्या', तर वार बदलताना एकच शब्द बदलावा लागतो. पुढे कुणाला वाटलं की पिवळ्या रंगाऐवजी निळा हवा, तर साचा बदलायचा. मजकुराचा काना-मात्राही हलत नाही. पण इथे एक अट आहे. वार त्या एकाच जागी ठेवायची शिस्त माणसाने पाळायला हवी. कुणी हौसेने प्रत्येक बातमीत 'शनिवारी' असं वेगळं टाइप करत गेलं, तर सीएमएस असूनही आपण पुन्हा सात जागांवर येऊ.

आपल्या लिपीनेही हा धडा घेतला आहे

मजकूर वेगळा आणि रूप वेगळं, हे मराठी माणसाला पटायला फार लांब जावं लागत नाही. १९९० च्या दशकात मराठी टाइप करायला शिवाजी, श्री-लिपी असे फाँट वापरत. त्यातल्या पुष्कळ फाँटांत कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असत, फक्त पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी चित्रं उमटत. म्हणजे मराठीपण फक्त रूपात होतं! फाइल दुसऱ्याकडे पाठवली आणि त्याच्याकडे तो फाँट नसला, तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग दिसे. तेव्हाच्या अंकांसाठी टाइप केलेल्या फाइली ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हा अनुभव घेतला असेल.

युनिकोडने हे बदललं. १९९१ सालच्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीच्या अक्षरांना त्यांचे स्वतःचे क्रमांक मिळाले. 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जाऊ लागला, मग फाँट कोणताही असो. युनिकोड सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षं लागली. पण आज सीएमएसमध्ये मराठी मजकूर शोधता येतो, वर्णक्रमाने लावता येतो आणि साचा बदलला तरी बिघडत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

इथल्या संकेतस्थळांपुढे आणखी एक प्रश्न असतो. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. तुमची अरबीची वही उलट्या बाजूने उघडते, तसंच अरबी पानही आरशात पाहिल्यासारखं हवं. अनुक्रमणिका उजवीकडे, बाण उलट्या दिशेला. अमिरातीच्या सरकारी संकेतस्थळाचं पान एकदा अरबीत आणि एकदा इंग्रजीत उघडून पाहा. चांगलं सीएमएस दोन्ही भाषांतली पानं जोडीने ठेवतं. इंग्रजी पान बदललं तर त्याचं अरबी भावंड तपासायचं आहे, हे त्यामुळे ध्यानात राहतं. पत्त्याच्या बाबतीतही अमिरात पुढे होती. मे २०१० मध्ये देशाच्या नावाचा भाग स्वतःच्या लिपीत लिहिण्याची सोय जगात प्रथम ज्या देशांना मिळाली, त्यांत इजिप्त आणि सौदी अरेबियाबरोबर अमिरातही होती.

अंक कसा निघतो, तसंच

सीएमएसचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे कामाची वाटणी. आपला हा अंक कसा निघतो ते आठवा. तुम्ही मुलं निबंध लिहून आणता. संपादक ताई शुद्धलेखन तपासतात. काही अडलं तर वही परत देतात. मग कुणी टाइप करतं, कुणी झेरॉक्स काढतं, कुणी पिना मारतं. निबंध लिहिणाऱ्या मुलाला झेरॉक्सचं मशीन चालवता यायला हवं, असं आपण कधी म्हणत नाही.

सीएमएसमध्ये प्रत्येकाला स्वतःचं खातं असतं आणि प्रत्येक खात्याला ठरावीक अधिकार असतात. लेखक लिहितो, पण त्याचं लिखाण आधी मसुदा म्हणून राहतं. संपादक तपासून ते प्रसिद्ध करतो. व्यवस्थापक नवी खाती उघडतो आणि जुनी बंद करतो. रुग्णालयाच्या संकेतस्थळावर डॉक्टरांच्या वेळा स्वागतकक्षातल्या ताई बदलू शकतात, पण औषधांची माहिती बदलू शकत नाहीत. ज्याला जी गोष्ट ठाऊक, त्यानेच ती लिहावी आणि त्यासाठी इंजिनीअरच्या दारात ताटकळू नये, असा हा बेत आहे. आम्हा इंजिनीअर लोकांचं महत्त्व त्यामुळे थोडं कमी होतं. झालेलं बरंच!

तिसरा उपयोग म्हणजे इतिहास. चांगलं सीएमएस जुना मजकूर पुसून टाकत नाही. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवतं. चूक झाली तर आधीची प्रत परत आणता येते. याचा उत्तम नमुना म्हणजे मराठी विकिपीडिया. तो १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. 'विकी' हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ 'लवकर'. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली कुणालाही झटपट दुरुस्त करता येतील अशी पानं काढली आणि त्यांना हे नाव दिलं. मराठी विकिपीडियावर तुमच्या गावाचं पान उघडा आणि त्याचा इतिहास पाहा. पहिल्या ओळीपासून आजपर्यंत ते पान कसं वाढलं, ते पायरीपायरीने दिसेल.

चौथा उपयोग वेळेचा. बदल आधी लिहून ठेवून 'हे १ जानेवारीला प्रसिद्ध कर' असं सांगता येतं. २०२१ च्या डिसेंबरात आम्ही एवढं केलं असतं, तरी त्या कुटुंबाची फेरी वाचली असती.

नावांची गंमत

जगात सीएमएस पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींच्या नावांची गोष्ट मुलांना आवडेल.

द्रुपल हे बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी २००१ साली खुलं केलं. विद्यार्थी असताना मित्रांसाठी काढलेल्या संकेतस्थळाला त्यांना 'डोर्प' असं नाव द्यायचं होतं. डच भाषेत त्याचा अर्थ खेडं. टाइप करताना अक्षरं उलटसुलट झाली आणि झालं 'ड्रॉप'. तेच त्यांना आवडलं. पुढे सॉफ्टवेअरचं नाव ठेवताना थेंबासाठीचा डच शब्द घेतला, त्यावरून द्रुपल.

वर्डप्रेस हे मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी मे २००३ मध्ये काढलं. बी-टू नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या मूळ लेखकाने लक्ष देणं थांबवलं, तेव्हा ते वापरणाऱ्या या दोघांनी त्याच पायावर नवं उभारलं. आज जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं सीएमएस हेच आहे.

जूमला २००५ सालचं. हे नाव स्वाहिली भाषेतल्या 'सगळे मिळून' अशा अर्थाच्या शब्दावरून घेतलं. स्वाहिलीत तो शब्द आला अरबीतून. आणि आपल्या जुन्या मोडी दफ्तरांत हिशोबाच्या एकूण बेरजेला काय म्हणत? जुमला! अरबस्तानातून एक शब्द पूर्वेला महाराष्ट्रात आला, दक्षिणेला आफ्रिकेत गेला आणि शेवटी कॉम्प्युटरमध्ये शिरला.

ही तिन्ही आणि विकिपीडियाचं मीडियाविकीसुद्धा मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ती घ्यायला पैसे पडत नाहीत. त्यांच्या आतली रचना पाहता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. सर्व्हरचं भाडं आणि देखभाल मात्र आपली आपल्यालाच करावी लागते.

मोठ्या संस्था काय करतात?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही दोन-तीन जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं उघडून पाहा. त्यांतली अनेक एकाच घडणीची दिसतील. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, सरकारी कचेऱ्यांसाठी एक तयार व्यवस्था केली आहे. तिचं नाव एस-थ्री-वॅस. सुरक्षितता, साचे आणि सर्व्हर केंद्राकडे. अंधांना वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला पान समजावं, याची काळजीही साच्यातच घेतलेली. मजकूर मात्र जिल्हा प्रशासनाचा. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. पानाच्या तळाशी दोन गोष्टी लिहिलेल्या आढळतात. मजकुराची मालकी कुणाची, आणि पान शेवटचं कधी अद्ययावत केलं. आम्हाला विचाराल तर सगळ्या पानावर या दोन ओळी सर्वांत महत्त्वाच्या.

मोठ्या संस्थांना आणखी एक अडचण येते. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नाव एका जागी साठवलं असेल तर ते बदलणं सोपं. पण १९९५ सालच्या एखाद्या जुन्या आदेशात जे नाव छापलं आहे, ते तसंच राहायला हवं, कारण तो आदेश त्याच नावाने निघाला होता. कुठे बदलायचं आणि कुठे नाही, हे माणसाने ठरवायचं असतं. मशीन फक्त सांगितलेलं करतं.

पावसाने घेतलेली परीक्षा

२०२२ च्या फजितीनंतर आपण वर्गाचं संकेतस्थळ सीएमएसवर नव्याने उभं केलं. त्याची खरी परीक्षा झाली ती १६ एप्रिल २०२४ च्या पावसात. तो दिवस कुणीच विसरलेलं नाही. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला. १९४९ पासून इथे नोंदी ठेवल्या जात आहेत, त्यांतला हा सर्वांत मोठा. रस्त्यांवर पाणी होतं, शाळा घरूनच भरल्या.

त्या आठवड्यातला वर्ग बंद ठेवायचं ठरलं. आम्ही स्वतः विमानतळावर अडकलो होतो, फोनची बॅटरी संपत आलेली. सूचना टाकली ती दुसऱ्याच एका पालकांनी. त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाणी होतं, वीज येऊनजाऊन होती, पण फोन चालू होता. 'या शनिवारी वर्ग नाही' हे एक वाक्य त्यांनी मसुद्यात लिहिलं, संपादक ताईंनी त्यांच्या घरून ते प्रसिद्ध केलं, आणि सगळ्या पानांच्या माथ्यावर ती सूचना दिसू लागली. त्यांना एचटीएमएलचं एक अक्षरही येत नाही. आमची कुणाला आठवणही आली नाही. आम्हाला त्याचा आनंद झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या शनिवारी वर्ग नेहमीसारखा भरला, आणि 'या शनिवारी वर्ग नाही' ही सूचना तशीच राहिली. तीन आठवडे! एका आजोबांनी विचारलं, "वर्ग कायमचा बंद झाला का?" तेव्हा आमच्या ध्यानात आलं. सीएमएस मजकूर सांभाळतं, पण तो अजून खरा आहे का, हे त्याला कळत नाही. 'या शनिवारी' म्हणजे कोणत्या, हे त्याला कोण सांगणार?

त्यानंतर आपण तीन नियम केले. सूचनेत वारासोबत तारीख लिहायची. सूचना टाकतानाच ती कधी उतरवायची, तेही नोंदवायचं. आणि प्रत्येक पानाला एक पालक नेमायचा. वेळापत्रकाचं पान कुणाचं, प्रवेशाचं कुणाचं, हे कागदावर लिहून फळ्याशेजारी लावलं आहे. दर तिमाहीला आपापलं पान वाचून तळाशी तारीख घालायची, एवढंच काम.

काळजीच्या दोन गोष्टीही सांगून ठेवतो. सीएमएस आणि त्याची जोडसॉफ्टवेअरं वेळेवर अद्ययावत केली नाहीत, तर भामटे जुन्या भगदाडांतून आत शिरतात. म्हणून ते काम महिन्यातून एकदा ठरवून करतो आणि आधी सगळ्याची एक प्रत वेगळी काढून ठेवतो. दुसरं, मुलांची पूर्ण नावं, शाळा, घराचे पत्ते आणि फोन आपण संकेतस्थळावर टाकत नाही. 'चौथीतली एक विद्यार्थिनी' एवढं पुरतं.

किल्ली ठेवून जायची

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी.

आपण सगळे इथे व्हिसावर आहोत. कुणाची बदली होते, कुणाचं काम संपतं, कुणाची मुलं कॉलेजला पुण्याला जातात आणि मागोमाग आईवडीलही जातात. दर जूनमध्ये वर्गातून चार-पाच कुटुंबं निरोप घेतात. ज्यांनी वर्ग सुरू केला, त्यांतलं आज इथे कुणीही नाही. तरी वर्ग चालू आहे, कारण जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती काहीतरी दिलं. पुस्तकांचं कपाट, तबला-पेटी, स्नेहसंमेलनाचे पडदे, हे सगळं असंच हातोहात आलं.

संकेतस्थळ मात्र एका माणसाच्या डोक्यात राहिलं आणि त्याच्याबरोबर नाशिकला गेलं. दोष त्यांचा नव्हता. त्यांनी रात्री जागून ते उभं केलं होतं. ते आपण त्यांच्याकडून मागून घ्यायला हवं होतं, ते घेतलं नाही.

म्हणून आता आपल्याकडे एकच सामायिक पासवर्ड नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं. कुटुंब परत जाताना त्यांचं खातं बंद होतं, पण त्यांनी लिहिलेलं त्यांच्या नावासकट राहतं. व्यवस्थापक नेहमी तीन असतात, आणि एक जाणार असं कळलं की जाण्याआधी महिनाभर तो चौथ्याला शिकवतो. संपर्कासाठी वर्गाचा स्वतःचा ईमेल आहे, कुणा एकाचा नाही.

सध्या तिघांपैकी एका ताईंचं परत जायचं ठरलं आहे, तेव्हा एक जागा रिकामी होते. सॉफ्टवेअर येणारेच हवेत असं नाही. मराठी नीट लिहिता येणारे आणि तारीख न विसरणारे असले तर उत्तम. मोठ्या गटातली दोन मुलंही लेखक म्हणून हवी आहेत. त्यांचं लिखाण संपादक ताई तपासतील. इच्छा असेल त्यांनी येत्या शनिवारी वर्ग सुटल्यावर भेटावं.

करून पाहा

१. तुमच्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संकेतस्थळावर पान शेवटचं कधी बदललं, ती तारीख शोधा. सापडली नाही तर तसं लिहा.

२. एखादं पान अरबीत आणि इंग्रजीत उघडा. काय काय उलट्या बाजूला गेलं, त्याची यादी करा.

३. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाची सूचना पाच ओळींत लिहा. वार, तारीख, वेळ, जागा, आणि सूचना कधी उतरवायची ते विसरू नका.

४. घरी आजी असेल तर तिला मोदकाचा साचा दाखवायला सांगा, आणि तिला सीएमएस समजावून द्या. तिला समजलं, तर तुम्हाला समजलं!

उत्तरं पुढच्या वर्गात घेऊन या. चांगली उत्तरं पुढच्या अंकात छापू आणि संकेतस्थळावरही ठेवू, तारखेसकट.